अक्का आल्या की मोडेम बंद

मी घरात कॉम्प्युटर घेतला तो हौस म्हणून नव्हे. जळगावात राहत्या घरीच माझा टायपिंगचा क्लास होता. टाइपरायटरवर बसायला मुली येईनाशा झाल्या होत्या, जिला विचारावं तिला कॉम्प्युटर शिकायचा होता. मी आधी स्वतः कोर्स केला, मग क्लासचे टाइपरायटर विकले आणि एका दुकानातून जोडणीचा कॉम्प्युटर आणला. नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमच्या गल्लीत तो पहिला. बायका बघायला येत, उंबऱ्याबाहेर चपला काढत आणि हात मागे बांधून उभ्या राहत.

"हाच का तो? टीव्हीच तर दिसतोय."

मी माउस हलवून दाखवी. गल्लीत मला 'कॉम्प्युटरवाल्या बाई' म्हणायला लागले आणि मला ते आवडत होतं.

दुकानदाराने बजावलं होतं, मशीन थंड ठेवा. जळगावात मे महिन्यात एखादी वस्तू थंड ठेवायची म्हणजे कूलरशिवाय दुसरा इलाज नाही. पुढच्या खोलीत खिडकीला कूलर होता. त्याच्यासमोर ह्यांची आरामखुर्ची असे. ती मी मधल्या खोलीत सरकवली आणि तिथे कॉम्प्युटरचं टेबल लावलं. हे म्हणाले, "मला एवढ्या मानाने कधी बसवलं नाहीस." मी म्हटलं, तुम्ही फी आणून द्या, तुम्हालाही बसवते.

पुढे त्यात मोडेम बसवलं. मोडेम म्हणजे कॉम्प्युटरच्या पेटीत खोचायचं एक हिरवं कार्ड. टेलिफोनची वायर त्याला जोडायची, मग ते शिट्ट्या मारत, खरखरत इंटरनेटला लावून देई. कॉम्प्युटरला हे कार्ड ओळखता यावं म्हणून एक छोटा प्रोग्राम टाकावा लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो आमच्याकडे फ्लॉपीवर होता. ड्रायव्हर कोसळला की पडदा निळा होई, त्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं येत, आणि कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करण्यावाचून काही उरत नसे. चालू केल्यावर मोडेमच्या नावापुढे पिवळं उद्गारचिन्ह दिसे.

आता ते मोडेम कशासाठी हवं होतं ते सांगते.

माझे थोरले दीर धुळ्याला. त्यांना आम्ही नाना म्हणतो आणि माझ्या थोरल्या जावेला अक्का. नानांचं तिथे मोटारपंपाचं दुकान. त्यांची एकुलती मुलगी नाशिकला नोकरीला होती. तिथल्याच एका मुलाशी तिने कोर्टात लग्न केलं. मुलगा जातीतला नव्हता. नानांनी त्या दिवसापासून घरात तिचा विषय बंद केला. भिंतीवरचा तिचा पदवीचा फोटो उतरला. लग्नाला आमच्यापैकी कुणी गेलं नाही. आम्हीही नाही. मुलगी नवऱ्याबरोबर आखातात निघून गेली.

तिथून एकदा तिचा मला फोन आला. "काकू, तुमच्याकडे इंटरनेट आलंय ना? आईला घेऊन बसाल का एकदा? फोनवर आई नुसती रडते आणि मला पुढे बोलता येत नाही. लिहून बोलू."

तिकडे सुट्टी शुक्रवारी. शुक्रवारी दुपारी ती तिच्या कॉम्प्युटरवर बसणार, इकडे मी अक्कांना घेऊन बसणार, ती लिहील ते मी वाचून दाखवणार आणि अक्का सांगतील ते मी टाइप करणार. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. नानांना कळू द्यायचं नव्हतं. जळगावचा गुडघ्याचा डॉक्टर शुक्रवारी बसतो, असं अक्कांनी घरी सांगितलं. गुडघा खरंच दुखत होता, त्यामुळे ते खपलं. ह्यांना मी सगळं सांगितलं होतं. शुक्रवारी सकाळी हे म्हणायचे, "आज डबा देऊन टाक, दुपारी जेवायला येत नाही." थोरल्या भावाविरुद्ध एवढंच त्यांच्याच्याने झालं.

पहिल्या शुक्रवारी अक्का एसटीने आल्या. पारोळ्यापासून उभ्याने आल्या होत्या. तोंड लालबुंद, पोलकं पाठीला चिकटलेलं. आमच्याकडे उन्हाळ्यात पाहुणा आला की चप्पल काढून होईपर्यंत कूलरचं बटन दाबलेलं असतं, आणि ही तर थोरली जाऊ. मी कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतलं, मोठ्या वेगावर लावला, त्यांना समोर बसवलं, पाणी दिलं, वर लिंबाचं सरबत दिलं. घाम सुकल्यावर कॉम्प्युटर लावला. मोडेमने शिट्ट्या मारल्या. अक्का दचकल्या.

"काय वं, वरडस कसं ते?"

"लाइन लागतेय, अक्का."

पडद्यावर अक्षरं आली. 'काकू, आई आली का?' मी वाचून दाखवलं. अक्कांनी पुढे होऊन पडद्याला बोट लावलं, गालाला लावावं तसं. मग दोघींची विचारपूस सुरू झाली. काय खातेस, पाणी कसं आहे, गुडघा कसा आहे. अक्कांना कंठ फुटत होता. त्या म्हणाल्या, तिला विचार, भाकरी करते का. मी टाइप करून बटन दाबलं आणि पडदा निळा झाला.

"काय व्हयनं?"

"काही नाही, अडकलंय. आत्ता लावते."

दोनदा लावलं. दोन्ही वेळा शिट्ट्या सुरू व्हायच्या आत निळा पडदा. अक्का हात मांडीवर ठेवून बघत होत्या. दहा मुलींना कॉम्प्युटर शिकवणारी मी, घामाघूम होऊन नुसती बटनं दाबत होते. शेवटी त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे, मनी बस जाई." रिक्षात बसवताना मला त्यांच्याकडे बघवेना. दोन जिल्ह्यांच्या उन्हातून बाई आली होती, आणि मी भाकरीच्या प्रश्नाचं उत्तरही तिला मिळवून देऊ शकले नव्हते.

दुकानातला इंजिनिअर आला तो सकाळी. उन्हाळ्यात दुपारी जळगावची दुकानं अर्धी झाकलेली असतात, दुपारचं कुणी येत नाही. क्लास चालू होता. त्याने मोडेम लावलं, पहिल्या फटक्यात लागलं.

"मॅडम, चालू आहे की."

"दुपारी बंद पडतं."

"कॉम्प्युटरला सकाळ-दुपार काय कळते, मॅडम? तुम्ही काहीतरी भलतं क्लिक करत असणार."

मागच्या बाकावर दोन मुली हसल्या. मी त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, बरं, ड्रायव्हर नव्याने टाकून द्या. त्याने टाकून दिला. त्या दिवशी मी मुलींना काय शिकवलं ते मला आठवत नाही.

दुसऱ्या शुक्रवारी अक्का आल्या. पुन्हा कूलर, पुन्हा सरबत, आणि या वेळी मी जेवायलाही आधीच वाढलं, म्हणजे मग निवांत बसता येईल. वरण-बट्टी केली होती. जेवताना त्या म्हणाल्या, ती काहीतरी सांगायचं म्हणत होती असं मला वाटतं, आईला कळतं.

लाइन लागली. मुलगी वाटच बघत होती. इकडचं तिकडचं न बोलता तिने लिहिलं, 'आई, मला दिवस गेलेत.'

मी वाचून दाखवलं. अक्कांनी पदर तोंडाला लावला. त्यांना काही बोलता येईना, मला टाइप करायला काही मिळेना. तेवढ्यात पुढची ओळ आली.

'पहिलं बाळंतपण माहेरीच करतात ना. मी घरी येऊ का?'

अक्कांनी पदर काढला, तोंड उघडलं. पडदा निळा झाला.

मी काय काय केलं ते सांगून उपयोग नाही, पण केलं सगळं. बंद केलं, चालू केलं. पिवळं चिन्ह. कार्डाचं नाव यादीतून काढून टाकलं, फ्लॉपी घालून ड्रायव्हर पुन्हा टाकला, पुन्हा चालू केलं. शिट्टीचा अर्धा आवाज आणि निळा पडदा. कूलर घोंघावत होता. लागली एकदाची लाइन, तोपर्यंत ती निघून गेली होती. तिची शेवटची ओळ फक्त होती. 'कळलं मला.'

मी ती वाचून दाखवायला नको होती, पण अक्का माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

मग त्या म्हणाल्या, "माले खरं सांग. तू बंद करस का?"

"अक्का!"

"तुना मालकनं सांगं व्हई. नानाना धाक शे. मी तुले बोल लावत नही. खरं सांग फक्त."

माझा नवरा त्यांच्या नवऱ्याचा सख्खा भाऊ. त्यांच्या जागी मी असते तर मलाही तेच वाटलं असतं. मी देवाची शपथ घेतली. मी एरवी शपथा घेत नाही, आणि मोडेमसाठी घेताना मला स्वतःचीच लाज वाटली. अक्का म्हणाल्या, बरं. त्यांनी विश्वास ठेवला असं मला तरी वाटलं नाही.

मी मुलीला ईमेल केली. मशीन बंद पडलं होतं, आई उठून गेली नाही, आई इथेच होती. उत्तर नाही. दुसरी केली. उत्तर नाही.

तो आठवडा मी हात धुऊन त्या कार्डाच्या मागे लागले. पेटी उघडली, कार्ड एका खाचेतून काढून दुसऱ्या खाचेत बसवलं. टेलिफोनची वायर बदलली. इंजिनिअरला पुन्हा बोलावलं, तो पुन्हा सकाळी आला आणि पुन्हा सगळं चालू निघालं. या वेळी तो नुसता माझ्याकडे बघून मान हलवून गेला. ते जास्त लागलं.

शेजारची बाई रोज डोकावायची. अक्का गुडघ्यासाठी येतात आणि मी त्यांना कॉम्प्युटर दाखवते, एवढंच तिला माहीत. ती म्हणाली, "एरवी चालतो आणि पाहुणी आली की बंद पडतो? मग नजरच आहे, दुसरं काय!" दुसऱ्या दिवशी ती लिंबू-मिरच्या घेऊन आली. मी नको म्हणायला हवं होतं. मी तिला त्या टेबलाखाली बांधू दिल्या. एवढी वेळ आली होती. सकाळच्या बॅचमधल्या एका मुलीने वाकून पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, हे पण कोर्समध्ये आहे का?"

पण शेजारणीचं एक वाक्य डोक्यात राहिलं. पाहुणी आली की.

त्या शुक्रवारी अक्कांना येता आलं नाही, धुळ्यात घरचं काही कार्य होतं. आमच्याकडे बोअरची मोटार जळाली होती आणि नळ आदल्या दिवशी आला नव्हता. प्यायचं पाणी शेजारून आणलं होतं, कूलर कोरडा ठणठणीत. दुपारी खोलीत भट्टी पेटली होती. मी ओला पंचा मानेला गुंडाळून बसले आणि मुलगी येते का बघावं म्हणून लाइन लावली. ती आली.

'काकू, आई आहे?'

'आज नाही आली. घरी कार्य आहे.'

'बरं.'

मग मी तिला समजावत बसले. मशीनचा दोष आहे, ड्रायव्हर कोसळतो, आई तुला उत्तर द्यायला तोंड उघडत होती. ती वाचत होती, अधूनमधून 'हं' लिहीत होती. मी तिची तब्येत विचारली, डॉक्टरचं विचारलं, नवऱ्याचं विचारलं. पहिल्यांदाच विचारलं. तो चांगला होता. स्वयंपाक करत होता. असं तासभर चाललं असेल. मग तिने लिहिलं,

'काकू, बघा ना. आई नसली की तुमचं मशीन बंद पडत नाही.'

खरंच बंद पडलं नव्हतं. एवढ्या उन्हात, इतका वेळ, एकदाही नाही. ती गेली. मी तशीच बसून राहिले. पंचा वाळून कडक झाला होता. माझ्याच हाताने मी तिला तिच्या आईविरुद्ध पुरावा दिला होता.

रडून काही होण्यासारखं नव्हतं. मी विचार केला: अक्का नाहीत म्हणून मशीन चाललं. अक्का नाहीत म्हणजे आणखी काय काय नाही? सरबत नाही. वरण-बट्टी नाही. आणि कूलर नाही.

मशीन कूलरसमोर मांडलं होतं खरं, पण सकाळी क्लासला हवा थंडच असे, मी कूलर लावत नसे, खिडक्या उघड्या असत. इंजिनिअर यायचा तो सकाळी. दुपारी मी कॉम्प्युटर लावतच नसे, फक्त शुक्रवारी. आणि शुक्रवारी अक्का येत, आणि अक्का आल्या की कूलर मोठ्या वेगावर. कूलर आणि मोडेम दोन्ही एकदम चालू असण्याची वेळ आमच्या घरात फक्त तीच.

पेटी उघडली. मागच्या बाजूला, कार्डाशेजारच्या खाचेवरची पत्र्याची पट्टी पहिल्यापासूनच नव्हती. तिथे बोटभर फट, आणि ती फट कूलरच्या तोंडाशी. कूलरचं पाणी बोअरचं, खारं. त्याच्या जाळीतल्या गवतावर मिठासारखे पांढरे थर बसतात हे मी दर उन्हाळ्यात बघत होते, काथ्याने घासून काढत होते. कार्ड काढलं. खालचे त्याचे पितळी दात पांढुरके झाले होते, हाताला खरखर लागली. जीभ लावून पाहिली. खारट.

मी मुलींच्या डब्यातलं खोडरबर घेतलं आणि एकेक दात घासून पिवळा धमक केला. मोटार दुरुस्त होऊन आल्यावर कूलर भरला, लावला, कॉम्प्युटर लावला, मोडेम जोडलं आणि समोर बसून राहिले. हवा दमट झाली, काचेवर हात फिरवला तर ओलसर. थोड्या वेळाने निळा पडदा. आयुष्यात पहिल्यांदा त्या निळ्या पडद्याकडे बघून मला बरं वाटलं. कूलर बंद केला, कार्ड पुसलं, वाळू दिलं, पुन्हा लावलं. संध्याकाळपर्यंत एकदाही पडलं नाही. लिंबू-मिरच्या मी सोडून फेकून दिल्या.

कारण कळलं, पण ते अक्कांना सांगायचं कसं? मान म्हणून जे करत होते त्यानेच त्यांची पोर तुटत होती. मी फोन केला नाही, धुळ्याचा फोन नाना उचलायचे. मुलीला एवढीच ईमेल केली: या शुक्रवारी एकदा ये. नंतर नको येऊस वाटलं तर.

शुक्रवारी अक्का आल्या. ऊन नेहमीसारखंच. त्या सवयीने कूलरसमोरच्या खुर्चीत बसल्या आणि वर बघितलं. कूलर गप्प. मी पाणी दिलं, पुठ्ठा दिला वारा घ्यायला, आणि सांगितलं. त्यांना कार्ड, मीठ, ओल काही कळलं नाही. त्या म्हणाल्या, "म्हंजे मी उनी म्हनून बंद पडे?"

"तुम्ही आलात म्हणून नाही हो. मी कूलर लावायचे म्हणून."

"मनासाठेच लाये ना?"

मी कॉम्प्युटरचं बटन दाबलं.

लाइन लावणार तेवढ्यात शेजारीण आत आली. वाटीत कैरीचं काहीतरी घेऊन आली होती. आधी अक्कांकडे बघितलं, त्यांच्या गळ्यावरून ओघळ चालले होते. मग कूलरकडे. मग माझ्याकडे.

"अहो बाई, धुळ्याहून थोरली जाऊ आलीय आणि कूलर बंद? लाइट आहे ना?"

"आहे."

"पाणी नाही?"

"आहे."

"मग?"

अक्काच म्हणाल्या, "माले थंडी सोसत नही." भर मे महिन्यात जळगावात. शेजारणीने वाटी ठेवली आणि जाताना दारातून म्हणाली, "असतात एकेकाची घरं." ती गल्लीत काय बोलणार ते मला तिच्या पाठीवरूनच कळलं. माझे कान तापले. उठून कूलर लावावा असं एकदा वाटलं, हात तिकडे गेलाही. मग मी दार लावून घेतलं.

मुलगी आली. 'आई आहे?'

"तिले सांग, माय आठेच बठेल शे."

मी ते तसंच टाइप केलं, शब्द न बदलता. मग मी कूलरचं सगळं लिहिलं, फट, खारं पाणी, खोडरबर. त्यावर तिने लिहिलं, 'कूलर?' आम्ही दोघी घामाच्या धारांत बसलो होतो. माझ्या बोटांचा घाम अक्षरांच्या बटनांवर लागत होता. अक्का पुठ्ठ्याने स्वतःला वारा घालायच्या ऐवजी कॉम्प्युटरच्या पेटीला घालत होत्या.

'आई अजून आहे?'

"शे म्हन."

'आई, मी विचारलं होतं.'

अक्कांनी पुठ्ठा खाली ठेवला. नानांना विचारून सांगते, असं त्या म्हणतील असं मला वाटलं होतं. जन्मभर त्यांनी नानांना विचारल्याशिवाय साडी बदलून आणली नव्हती. त्या म्हणाल्या, "लिख. ये. धुयाले नही त नही, काकूकडे ये. मी आठे यीसन ऱ्हासू." धुळ्याला नाही तर माझ्या घरी लेकीला बोलावताना आणि स्वतः इथे येऊन राहते म्हणताना त्यांनी मला विचारलं नाही, आणि विचारायची गरजही नव्हती. मी लिहिलं. पडदा निळा झाला नाही. त्या दोघी जवळजवळ चार वाजेपर्यंत बोलत होत्या आणि मी मध्ये नुसता टाइपरायटर होते.

त्यानंतर शुक्रवारी आमच्याकडे कूलर बंद. शेजारणीने आपलं काम चोख केलं. पावसाळ्याच्या तोंडावर धुळ्याला भावकीतलं एक लग्न होतं, तोवर ती गोष्ट तिथे पोचली होती. पुरुषांची पंगत बसली होती, आम्ही वाढत होतो. आमच्यात थोरला दीर धाकट्या भावजयीशी थेट बोलत नाही. नाना मला काही सांगायचं तर भिंतीकडे बघून सांगतात. त्या दिवशी ते शेजारच्या पाहुण्याकडे बघून, पण मला ऐकू जाईल असं म्हणाले, "जळगावले जाशात त पंखा संगे लई जा. आमना भाऊकडे कूलर चालत नही म्हने. पानी मोजीसन वापरतस."

पंगत हसली. हेही हसले, त्यांना हसावंच लागलं. माझ्या हातात वरणाची बादली होती. मान खाली घालून मी पुढच्या पानाला गेले. समोरून अक्का भात वाढत येत होत्या. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि नानांच्या पानावर, मागितला नसताना, भाताचा डोंगर वाढला. कंजूष म्हणून माझं नाव भावकीत तेव्हापासून आहे. अजूनही एखादी म्हातारी आमच्याकडे आली की आधी कूलरकडे बघते. मला ते अजून लागतं. लागत नाही असं म्हणण्याइतकी मी मोठी झालेली नाही.

दसरा झाला. आमच्याकडे त्या दिवसांत पुन्हा एकदा ऊन तापतं. मुलगी दिवाळीआधी येणार असं ठरलं होतं, जळगावलाच. मी मधली खोली रिकामी करून ठेवली होती. एका शुक्रवारी रिक्षा थांबली. अक्का उतरल्या आणि त्यांच्या मागून नाना उतरले. पांढरा शर्ट, टोपी, हातात पिशवी.

मी पदर सावरला. हे घरी नव्हते. अक्कांनी मला डोळ्यांनी काही सांगितलं नाही, त्यांनाही पुढचं ठाऊक नसावं. नाना आत आले. टोपी काढून त्यांनी कपाळ पुसलं. थोरले दीर घरी आलेले, घामाने भिजलेले, आणि पंगतीतलं बोलणं माझ्या कानात. माझा हात कूलरच्या बटनाकडे गेला.

नाना भिंतीकडे बघून म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. तो लावू नका."

मी हात मागे घेतला. त्यांना कुणी सांगितलं, कधी सांगितलं, मी विचारलं नाही. ते दारालगतच्या खुर्चीत बसले, पडद्याकडे पाठ करून. अक्का माझ्याजवळ. मी लाइन लावली. शिट्ट्या झाल्या. मुलगी आली, आईची चौकशी सुरू झाली, आणि मी पाठीमागे नाना आहेत हे माहीत असताना पायांना सूज किती आणि उलट्या थांबल्या का असलं सगळं मोठ्याने वाचत होते. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. खालच्या आवाजात वाचावं तर अक्कांना ऐकू येत नसे.

मध्येच मागून आवाज आला. भिंतीलाच सांगत होते.

"तिले इचारा, इमान मुंबईले कधी उतरस. घ्याले गाडी लागी."

अक्कांचा हात माझ्या दंडावर होता, तो घट्ट झाला. मी टाइप केलं, 'विमान मुंबईला कधी उतरतं? न्यायला गाडी येणार आहे.'

'कोण विचारतंय?'

मी मागे बघितलं नाही. 'तुझे वडील,' असं लिहिलं आणि बटन दाबलं.

काही आलं नाही. मी थांबले. अजून काही नाही. सवयीने माझी नजर पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात गेली. तिथे लाइन चालू असली की चित्रातले दोन छोटे कॉम्प्युटर लुकलुकत. ते लुकलुकत होते. पिवळं चिन्ह नाही, निळा पडदा नाही. कार्ड ठीक होतं, ड्रायव्हर ठीक होता.

"बंद पडनं का?" नानांनी भिंतीला विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "चालू आहे."

त्यांनी पुन्हा कपाळ पुसलं आणि तसेच बसून राहिले. आम्ही तिघंही बसून राहिलो.